मुलगा इंटरनॅशनल बोर्डात घालायचा असेल तर बारावीपासून उलटं मोजत या

खान्देशातले पालक शाळा बघायला निघतात तेव्हा त्यांना आधी दिसतं ते मैदान, पोहण्याचा तलाव आणि घोडे. फक्त मुलांसाठी असलेल्या निवासी शाळांत हे सगळं असतंच, आणि ते बघून गाडीतच निर्णय होऊन जातो. क्रम मात्र उलटा हवा. पोरगा बारावीनंतर कुठे जाणार, डॉक्टरकीला, इंजिनिअरिंगला, परदेशात की घरच्या धंद्यात, हे आधी ढोबळ ठरवा. मग बोर्ड, मग राज्य आणि शेवटी शाळा. आठवीत बदललेलं मन सांभाळून घेता येतं, अकरावीत निवडलेले विषय मात्र सहसा बदलता येत नाहीत.

पाटीवरच्या नावाने फसू नका

शाळेच्या नावातला ‘इंटरनॅशनल’ हा शब्द अभ्यासक्रमाबद्दल काहीच सांगत नाही. नावात इंटरनॅशनल आणि आत सीबीएसई, असं सर्रास असतं. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही पैसे कशाचे भरताय ते माहीत हवं.

इथे इंटरनॅशनल बोर्ड म्हणजे दोन धरले आहेत: इंग्लंडचं केंब्रिज आणि आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. केंब्रिजची शाळा असेल तर केंद्र क्रमांक विचारा. भारतात तो ‘आयएन’ ही अक्षरं आणि पुढे तीन अंक असा असतो. आयबीची असेल तर ‘वर्ल्ड स्कूल’ आहे की अजून ‘कँडिडेट’ आहे ते विचारा. कँडिडेट म्हणजे अर्ज केलाय, मान्यता मिळालेली नाही. शिवाय आयबीची मान्यता कार्यक्रमागणिक वेगळी असते. प्राथमिकची मान्यता असलेल्या शाळेत अकरावी-बारावीचा डिप्लोमा असेलच असं नाही. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर शाळा शोधता येते, पाच मिनिटांचं काम आहे. महाराष्ट्रातली शाळा असेल तर राज्य सरकारचं ना हरकत प्रमाणपत्र आणि यूडायस, म्हणजे शाळेचा अकरा अंकी सरकारी ओळख क्रमांकही मागा. नंदुरबारचा क्रमांक २७०१ने, धुळ्याचा २७०२ने आणि जळगावचा २७०३ने सुरू होतो.

मुलांची नामांकित शाळा म्हणजे इंटरनॅशनल बोर्ड, हाही गैरसमज. डेहराडूनची दून स्कूल (१९३५) फक्त मुलांची आहे आणि तिथे अकरावीला आयएससी (भारतातल्याच एका बोर्डाची बारावी) किंवा आयबी यांतून निवड करता येते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची सिंधिया स्कूल (१८९७) हीसुद्धा मुलांचीच, पण सीबीएसईची. भुसावळला पंजाब मेलमध्ये बसवलं की पोरगा थेट ग्वाल्हेरला उतरतो, एवढ्यावर बोर्ड ठरवू नये.

डॉक्टर, इंजिनिअर की परदेश

डॉक्टर करायचा असेल तर सगळ्यात आधी राज्याचा विचार करा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएसची जागा हवी असेल तर अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेली लागतात. अपवाद थोडे आहेत आणि ते मुख्यतः बाहेरच्या राज्यात नोकरीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. रावेर-यावलकडून इंदूर जवळ, नंदुरबारहून सुरत जवळ, म्हणून मुलगा तिकडे टाकला आणि नंतर नीटमध्ये चांगले गुण पडले, तरी राज्याच्या यादीत नाव लागत नाही. इंजिनिअरिंगला पालकांच्या अधिवासावरून अर्ज करायची वाट असते, डॉक्टरकीला ती नाही. त्या त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका वाचा. शाळेच्या प्रवेश विभागाला हे विचारू नका, त्यांचा तो विषय नाही.

दुसरी अडचण विषयांची. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. केंब्रिजच्या ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीला, हे विषय सहज जमतात. आयबी डिप्लोमात सहा गटांतून सहा विषय घ्यायचे असतात: दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित आणि एक कला. कलेच्या जागी दुसरं विज्ञान घेता येतं, पण तिसरं विज्ञान नेहमीच्या चौकटीत बसत नाही. त्यासाठी शाळेला आयबीकडून ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’ची परवानगी काढावी लागते. ही परवानगी पूर्वी काढली आहे का, असं थेट विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

इंजिनिअरिंगसाठी आयबीचं गणित ‘अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस’ आणि तेही हायर लेव्हलचं, म्हणजे वरच्या पातळीचं, घ्या. ‘अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ हे दुसरं गणित सोपं वाटतं म्हणून पोरं तिकडे वळतात आणि जेईईच्या कलनशास्त्रापाशी अडकतात. केंब्रिजला दहावीतच नेहमीच्या गणिताच्या जोडीला ‘अॅडिशनल मॅथेमॅटिक्स’ (विषय क्रमांक ०६०६) घ्या.

तिसरी अडचण तारखांची. आयबीचा मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. केंब्रिजच्या जून सत्राचा ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या प्रवेशफेऱ्या निम्म्या उरकल्यावर. केंब्रिजचं मार्च सत्र भारतासाठी आहे आणि त्याचा निकाल मेमध्ये येतो. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावी, करून अकरावीला पुन्हा जळगाव-धुळ्यात यायचं असेल तर हेच सत्र धरा. सगळे विषय मार्चला नसतात, म्हणून शाळेकडून विषयवार यादी घ्या. दहावीशी समकक्षता धरताना भारतीय विद्यापीठ संघ इंग्रजीसह किमान पाच विषयांत ए-स्टार ते सी या श्रेणी बघतो.

परदेशी जायचं नक्की असेल तर डिप्लोमाचा हिशेब समजून घ्या. सहा विषयांना प्रत्येकी ७ म्हणजे ४२ गुण. ज्ञानमीमांसेचा विषय (थिअरी ऑफ नॉलेज, पोरं ‘टॉक’ म्हणतात) आणि ४,००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे यांचे मिळून ३. एकूण ४५. पास व्हायला २४ लागतात, पण हायर लेव्हलच्या तीन विषयांत मिळून १२ आणि स्टँडर्डच्या तीनांत ९ हवेतच. टॉक किंवा निबंध यांपैकी एकात जरी ‘ई’ श्रेणी आली तरी बाकीच्या गुणांचा उपयोग नाही, डिप्लोमा मिळत नाही. विज्ञानातला हुशार पोरगा इथे पडतो, कारण ‘हे आपल्याला कळलं कसं?’ या प्रश्नाला त्याने कधी हातच घातलेला नसतो. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, तरी आपल्या शाळांच्या वेळापत्रकात हा प्रश्न शिरला नाही, ही गोष्ट वेगळी.

तयारी: वर्षभर आधी, घरी

मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून येणाऱ्या मुलाची अडचण इंग्रजी बोलण्याची आहे असं सगळ्यांना वाटतं. बोलणं वसतिगृहात तीन महिन्यांत येतं. मागे राहतं ते लिहिणं, आणि प्रश्न नेमकं काय मागतोय ते ओळखणं.

वाचनाला रोज २५ मिनिटं द्या: दहा मोठ्याने, दहा मनात, पाच मिनिटं वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगणं. सांगताना मराठी किंवा अहिराणी चालेल. समजलंय का ते आधी तपासायचं आहे. घरातली भाषा बंद करून ‘आता फक्त इंग्लिश’ असा फतवा काढू नका. त्याने पोऱ्या दोन्हीकडे मुका होतो. आठवड्यातून एकदा १५० शब्दांचा उतारा लिहून घ्या आणि दोन दिवसांनी त्यालाच तो पुन्हा सुधारून लिहायला लावा. सुधारणं हीच खरी सवय, नवा निबंध पाठ करणं नव्हे. परीक्षेला ‘फर्स्ट लँग्वेज’ आणि ‘सेकंड लँग्वेज’ असे इंग्रजीचे वेगळे विषय असतात. प्रतिष्ठेपायी पहिला घेऊ नका.

मग आज्ञार्थी शब्द. केंब्रिजच्या प्रश्नात ‘डिस्क्राइब’ म्हटलं तर काय घडतं ते लिहायचं, ‘एक्सप्लेन’ म्हटलं तर का घडतं ते. मे महिन्यातला माठ घ्या. ‘माठातलं पाणी हळूहळू गार होतं आणि मग तापमान स्थिर राहतं’ हे डिस्क्राइब झालं. ‘पृष्ठभागावरचे जास्त ऊर्जेचे रेणू बाहेर पडतात, उरलेल्यांची सरासरी गतिज ऊर्जा घटते, म्हणून तापमान उतरतं’ हे एक्सप्लेन. कंसात ३ गुण असतील तर तीन वेगळे मुद्दे हवेत. एकच मुद्दा तीनदा फिरवून लिहिला तर एकच गुण मिळतो. पाठांतरावर वाढलेली पोरं इथे पान भरून लिहितात आणि दोन गुण घेऊन येतात.

गणितात पायऱ्यांना वेगळे गुण असतात आणि अचूक उत्तराला वेगळे. उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर असेल तर गुण मिळतात, म्हणून तोंडी करून नुसतं उत्तर लिहायची हुशारी महागात पडते. पूर्ण न निघणारं उत्तर तीन सार्थ अंकांत द्यायचं, कोन एका दशांश स्थळापर्यंत. दोन दशांशांची सवय असलेला मुलगा ०.०४५६७ चं ०.०५ करून मोकळा होतो; उत्तर ०.०४५७ हवं. २०२५ पासून आयजीसीएसई गणिताच्या दोन पेपरांपैकी एकात कॅल्क्युलेटर चालत नाही. पाढे आणि अपूर्णांक पक्के असलेल्या आपल्या पोरांना त्यात फायदाच आहे. ‘कोअर’ या सोप्या गटाला वरची श्रेणी ‘सी’पर्यंतच असते, तेव्हा मुलाला ‘एक्स्टेंडेड’ला बसवणार का आणि ते कधी ठरवणार, हे शाळेला विचारून घ्या.

प्रयोगाची सवय शेतातच लावता येते. ठिबकची एक नळी धरा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाच ड्रिपर निवडा. प्रत्येकाखाली भांडं ठेवून दहा मिनिटांचं पाणी मोजा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर दहा मिनिटांत साधारण ६६७ मिलीलिटर द्यायला हवा. तीनदा मोजा, सरासरी काढा, अंतर आडव्या अक्षावर आणि पाणी उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. अक्षांवरचं प्रमाण असं घ्या की काढलेले बिंदू आलेखाच्या निम्म्याहून जास्त जागेत पसरतील. एखादा ड्रिपर भलतंच कमी पाणी देतो. तो आकडा खोडू नका. त्याला गोल करा आणि कारण लिहा: क्षार साचले असतील. आपण काय बदललं, काय मोजलं, काय तसंच ठेवलं, हे तीन ओळींत लिहायला लावा. पुढे आयबीच्या विज्ञानात वीस टक्के गुण असतात ते अशाच स्वतः आखलेल्या प्रयोगाला.

शाळा बघायला गेल्यावर

मागच्या तीन वर्षांचे विषयवार निकाल मागा, पण किती मुलं बसली तेही विचारा. ‘शंभर टक्के ए-स्टार’मागे चारच पोरं असू शकतात. हायर लेव्हल शिकवणारे शिक्षक किती वर्षांपासून आहेत ते विचारा. दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर प्रकल्प आणि निबंधांची वाट लागते, कारण ते दोन वर्षं चालतात. महाराष्ट्रातली शाळा असेल तर २०२० च्या कायद्याने मराठी शिकवणं बंधनकारक आहे, मग बोर्ड कुठलंही असो. वेळापत्रकात तास दाखवा म्हणा.

फक्त मुलांच्या शाळेत आणखी तीन गोष्टी बघाव्यात. एक, रात्री प्रत्येक मजल्यावर मोठं माणूस झोपतं का, की मोठ्या वर्गातल्या ‘प्रीफेक्ट’वर सगळं सोपवलं आहे. दोन, तक्रार कोणाकडे करायची हे आठवीतल्या कुठल्याही पोराला विचारा. त्याला गृहपालांखेरीज दुसरं नाव सांगता आलं पाहिजे. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक भिंतीवर दिसतो का तेही बघा. तीन, नाटक, गाणं, जीवशास्त्र, साहित्य यांना किती मुलं आहेत. सगळे क्रिकेट आणि भौतिकशास्त्राकडेच असतील तर बाकीचे विषय नावापुरते आहेत.

फीचा हिशेब चार वर्षांचा एका कागदावर मागा: शिकवणी, वसतिगृह, परीक्षा शुल्क, सहली, लॅपटॉप, अनामत. परीक्षा शुल्क बहुधा वेगळं असतं आणि ते विषयागणिक वाढतं. देणगी मागितली तर पावती कोणत्या नावाने मिळेल एवढंच विचारा. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेली अशी देणगी, १९८७ च्या कायद्यानेच बंद आहे.

कागदपत्रं

मुलाचं नाव एकदाच नक्की करा. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. केंब्रिज आणि आयबीच्या प्रमाणपत्रावर शाळेने नोंदवलं तसंच नाव छापून येतं. म्हणून पासपोर्ट नववीतच काढा आणि परीक्षेच्या नोंदणीआधी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून सही करा.

गावातली प्राथमिक शाळा सोडताना शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर जनरल रजिस्टरचा साक्षांकित उताराही घ्या. त्यावर जातीची नोंद असते, इंटरनॅशनल शाळेच्या दाखल्यावर ती बऱ्याचदा नसते, आणि जात पडताळणीला हाच कागद लागतो. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. ही कामं एप्रिलमध्ये उरका. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागते, मुख्याध्यापक गावाला जातात आणि रजिस्टर कपाटात कुलूपबंद असतं.