रुग्णसेवकांच्या हातांचा इसब: साथीच्या काळात घ्यायची काळजी

सॅनिटायझर लावताच हात चुरचुरू लागले की बहुतेक जण त्यालाच दोष देऊन साबणाकडे वळतात, आणि इसब वाढण्याचे मोठे कारण हीच चूक ठरते. अल्कोहोल चुरचुरते ते त्वचेला आधीच पडलेल्या बारीक भेगांमुळे. पण त्या भेगा बहुतेकदा साबण, पाणी आणि हातमोज्यांत साचलेल्या घामामुळे पडलेल्या असतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर साधा साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे प्रत्येक धुण्यात त्वचेतील स्निग्धांश थोडा थोडा निघून जातो. कोविडच्या साथीत २०२० मध्ये हे धुणे दिवसात कितीतरी पटींनी वाढले.

म्हणून हात दिसण्याइतपत मळलेले नसतील, तर ग्लिसरीनयुक्त सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळावा आणि त्याच्या आगेमागे सवयीने साबण वापरू नये. रक्त किंवा स्राव लागल्यावर आणि शौचानंतर मात्र साबणच हवा. पाणी कोमट असावे, हात घासून न पुसता टिपून कोरडे करावेत. अंगठी घरीच ठेवावी, कारण तिच्याखाली साबण अडकतो आणि इसब पुष्कळदा तिथूनच सुरू होतो.

हातमोजे पूर्ण कोरड्या हातांवरच चढवावेत. ते फार वेळ घालावे लागत असतील तर आत पातळ सुती हातमोजे घालावेत. ड्यूटी संपल्यावर आणि झोपताना सुगंधविरहित जाड मलम, साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते, बोटांच्या बेचक्यांत व नखांभोवती भरपूर लावावे. मात्र लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) हातमोजे घालण्यापूर्वी ती लावू नये, कारण तिने रबर कमकुवत होते.

पुरळ मनगटावर हातमोज्याच्या कडेपाशी थांबत असेल, तर रबरातील रसायनांची ॲलर्जी असू शकते. ही रसायने अनेक नायट्राइल (कृत्रिम रबराच्या) हातमोज्यांतही असतात, तेव्हा नुसते लेटेक्स सोडून भागत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून केलेली ॲलर्जीची तपासणी, करून घ्यावी. हातमोजे घातल्यावर काही मिनिटांतच गांधी उठत असतील, तर ती लेटेक्सची तत्काळ ॲलर्जी समजून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम टाळावे. एकाच हाताला खाज असेल तर ते गजकर्णही असू शकते आणि स्टिरॉइडने ते पसरते. डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिले, तर तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी मलमाची रेघ एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते.