वनस्पतींनी कापड रंगवताना या चुका टाळा

मंजिष्ठ (लाल रंग देणारे मूळ), हळद, हिरडा, डाळिंबाची साल ही सारी द्रव्ये काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. त्यामुळे काढा करावा तशी ती उकळली आणि कापड त्यात बुडवले की काम झाले, असे समजून पुष्कळ जण सुरुवात करतात आणि दोन धुण्यांत रंग उतरला की दोष मंजिष्ठेला देतात. दोष बहुतेक वेळा कापडाच्या तयारीत असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खळ न काढणे. कोऱ्या सुती कापडावर विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली खळ असते आणि कापसाच्या तंतूवर स्वतःचे मेणही असते. भाचीच्या लग्नासाठी मी सहा मीटर मांजरपाट रंगवायला घेतला होता. ‘धुतलेलाच माल आहे’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबून मी तो नुसता गार पाण्यातून काढला. मंजिष्ठेच्या पातेल्यातून बाहेर आला तेव्हा ओला कपडा सगळीकडे सारखा लाल दिसत होता; वाळल्यावर मात्र घड्यांवर गडद विटकरी रेघा आणि मध्ये तळहाताएवढे फिकट डाग उमटले. दुसऱ्यांदा रंगवूनही ते बुजले नाहीत आणि त्या कापडाची शेवटी उशांची अभ्रे झाली. तेव्हापासून एक किलो सुती कापडाला 20 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून मी ते भरपूर पाण्यात तास-दीड तास मंद उकळतो. पाणी चहासारखे पिवळट होते. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहतो. तो मण्यासारखा वर बसून राहिला, तर कापड पुन्हा उकळतो. रेशीम आणि लोकर यांना मात्र हा सोडा लावू नये, तंतू खराब होतो.

दुसरी चूक रंग पक्का करणाऱ्या तुरटीच्या जागी मीठ किंवा व्हिनेगर वापरण्याची. त्यांनी सुतावर मंजिष्ठेचा रंग पक्का होत नाही. ‘आम्हाला रसायन नको’ म्हणून तुरटी नाकारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की आयुर्वेदात तिलाच स्फटिका म्हणतात. कापूस तुरटीला सहज धरून ठेवत नाही. हिरड्यातले तुरट द्रव्य ते काम करते, म्हणून आधी हिरडा आणि मग तुरटी हा क्रम मी मोडत नाही. कोरड्या कापडाच्या वजनाच्या 20 टक्के हिरड्याची पूड आणि 15 टक्के तुरटी एवढे माझे प्रमाण असते. कापड वजनकाट्यावर घातल्याशिवाय मी पातेले चुलीवर ठेवत नाही. अंदाजाने घातलेल्या मुठीने दोनदा एकच छटा येत नाही.

लोखंडी कढई वापरू नये. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग धरतो आणि मंजिष्ठेचा लाल मळकट होतो. स्टीलचे पातेले आणि लाकडी दांडा पुरेसा आहे.

बीट आणि जास्वंद यांच्या नादी लागू नये. त्यांचा रंग टिकत नाही.

हळद सुताला लगेच धरते, म्हणून नवशिक्यांना ती आवडते, पण उन्हात ती झपाट्याने उडते. साबण लागताच कापडावर लाल डाग पडतात, ते साबणातल्या क्षारामुळे. पडद्यासाठी हळद मी कधीच सुचवत नाही. पिवळाच हवा असेल, तर डाळिंबाची साल घ्यावी.

मंजिष्ठेची भरड रात्रभर भिजत घालावी, आच हळूहळू वाढवावी आणि रंगवलेले कापड त्याच पाण्यात निवू द्यावे. ते सावलीत वाळवून मी आठवडाभर तसेच ठेवतो आणि पहिले धुणे रिठ्याच्या पाण्यात करतो.