जेकोबियन हाताने लिहू नका

रिअ‍ॅक्टरचं मॉडेलिंग शिकायला नवीन मुलं आली की वहीची चार-चार पानं जेकोबियनने, म्हणजे प्रत्येक इक्वेशनच्या प्रत्येक पदार्थाप्रमाणे काढलेल्या डेरिव्हेटिव्हच्या तक्त्याने, भरून आणतात. अक्षर सुंदर असतं, तरी ती वही मी मिटायला लावते. डेरिव्हेटिव्ह काढणं आणि ते सी किंवा फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये उतरवणं, ही दोन्ही कामं सिम्पाय करतं. पायथनची ही लायब्ररी फुकट आहे. आपण केमिस्ट्री तेवढी नीट सांगायची.

उदाहरणाला रॉबर्टसनची रिअ‍ॅक्शन घ्या. १९६६ सालची, तीनच पदार्थांची, पण भल्याभल्या सॉल्व्हरचा (इक्वेशन आकड्यांनी सोडवणाऱ्या प्रोग्रामचा) घाम काढणारी. ए चा बी होतो, स्थिरांक ०.०४. दोन बी भेटले की त्यातल्या एकाचा सी होतो, स्थिरांक ३ कोटी. बी आणि सी भेटले की बी चा परत ए होतो, स्थिरांक १० हजार. सुरुवातीला ए = १, बाकी दोन्ही शून्य.

आता तीन डिफरन्शियल इक्वेशन टाइप करायला बसू नका. तीन वेग लिहा (के१, के२, के३ हे वरचे स्थिरांक, त्याच क्रमाने): के१ गुणिले ए, के२ गुणिले बी चा वर्ग, के३ गुणिले बी गुणिले सी. मग कोणत्या रिअ‍ॅक्शनमध्ये कोण किती घटतं-वाढतं त्याचं मॅट्रिक्स. ए ची ओळ -१, ०, १. बी ची १, -१, -१. सी ची ०, १, ०. मॅट्रिक्स गुणिले वेग, झाली इक्वेशन. प्रत्येक वेग एकदाच लिहिल्यामुळे एका ओळीत दुरुस्ती केली आणि दुसरीत राहून गेली, हा प्रकारच संपतो. स्थिरांकांचे आकडे इथे घालू नका, चिन्हंच ठेवा. नाहीतर तापमान बदललं की कोड पुन्हा काढत बसाल.

या इक्वेशनवर जेकोबियन मागा. बी ची ओळ अशी येते: के१, उणे के३·सी उणे २·के२·बी, उणे के३·बी. त्या मधल्या पदातला २ हाताने लिहिताना हमखास गळतो. पुढे जाण्याआधी प्रत्येक स्तंभाची बेरीज करून बघा, तिन्ही शून्य यायला हव्यात, कारण तिन्ही पदार्थांची एकूण बेरीज बदलत नाही.

सी भाषेतल्या कोडच्या आधी सिम्पायचं लॅम्ब्डिफाय वापरून पायथनचं फंक्शन काढा आणि सायपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या सॉल्व्हरला द्या. इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. इक्वेशन मॅट्रिक्स म्हणून दिलीत तर उत्तर तीन ओळी, एक स्तंभ असं येतं, सॉल्व्हरला सपाट यादी लागते. म्हणून इक्वेशनची यादी करा, जेकोबियन मात्र मॅट्रिक्सच राहू द्या. दुसरं म्हणजे सायपायच्या सॉल्व्ह-आयव्हीपी या सॉल्व्हरला आधी वेळ आणि मग पदार्थ लागतात, जुन्या ओडीइंटला उलट. तयार झालेल्या फंक्शनचं हेल्प उघडलं की निघालेला कोड समोर दिसतो. तो वाचाच.

सॉल्व्हरची पद्धत बीडीएफ किंवा राडाऊ घ्या, अशा अवघड सिस्टिमसाठीच्याच त्या आहेत. ४० सेकंदांच्या आसपास या सिस्टिमची आकाराने सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू (जेकोबियनवरून निघणारा, बदल किती झपाट्याने होतो ते सांगणारा आकडा) -३४०० च्या घरात असते, त्यामुळे आरके४५ या नेहमीच्या पद्धतीला साधारण एक हजारांश सेकंदाची पावलं टाकत रांगावं लागतं. बी चं प्रमाण लाखांश भागाइतकं असतं आणि सायपायची ठरलेली अ‍ॅब्सोल्यूट टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, आहे एक दशलक्षांश. अशाने बी चा आकडा भरवशाचा राहत नाही. टॉलरन्स पदार्थागणिक वेगळी देता येते, ती द्या.

४० सेकंदांना उत्तर यायला हवं: ए ०.७१५८, बी ०.०००००९१८५, सी ०.२८४२. तिन्हींची बेरीज १ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. स्तंभांची बेरीज शून्य असली की उत्तर चुकलं तरी हे सॉल्व्हर एकूण बेरीज राखतातच. आकडेच जुळवायला हवेत.

ते जुळले की सी भाषेकडे वळा. इक्वेशन आणि जेकोबियन दोन्ही एकत्र सिम्पायच्या सीएसई फंक्शनला द्या. पुन्हा पुन्हा येणारे गुणाकार ते एकदाच काढून बाजूला ठेवतं, आणि एकत्र दिल्यावर दोघांतले समान तुकडेही सापडतात. सिम्पायच्या सीकोड फंक्शनने काढलेल्या कोडमध्ये बी चा वर्ग पॉव या घात काढणाऱ्या फंक्शनने येतो. मला ते बघवत नाही. सिम्पायच्या कोडजेन विभागात अशा घातांचा साधा गुणाकार करून देणारी सोय आहे, ती लावा. घातांक एक-तृतीयांश असेल तर तो रॅशनल म्हणून द्या, नुसता भागाकार लिहिलात तर पायथन सिम्पायपर्यंत पोचण्याआधीच त्याचा दशांश अपूर्णांक करून टाकतं.

निघालेल्या सी फाइलला हात लावायचा नाही. काही बदलायचं तर पायथनमध्ये बदला आणि पुन्हा काढा. फाइलच्या डोक्यावर तशी कॉमेंटही छापून घ्या, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन ‘छोटासा बदल’ करतंच.

पदार्थ शंभराच्या पुढे गेले की सिम्पाय रेंगाळायला लागतं. वातावरणाच्या केमिस्ट्रीवाले त्यासाठी केपीपी हा कोड काढून देणारा प्रोग्राम वापरतात. जिओस-केम या वातावरणाच्या मॉडेलमध्येही तेच आहे. रिअ‍ॅक्शन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायच्या, केपीपी फोरट्रान किंवा सी काढून देतं आणि जेकोबियनमधली शून्यं वगळूनच गणित करतं. सोबत स्ट्रॅटोस्फिअरमधल्या ओझोनचं दहा रिअ‍ॅक्शनचं उदाहरण येतं. आधी ते चालवून बघा, मग स्वतःची फाइल लिहायला घ्या.