बंदुकीला गंज चढू नये म्हणून, आणि चढलाच तर

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात घरातल्या भिंतींनाही ओल येते, तिथे बंदूक गंजली तर नवल नाही. निफाड-दिंडोरीकडे पाऊस कमी, पण बरेचदा बंदुकीचं कपाट खतांच्या खोलीला लागून असतं. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एक प्रकारचं मीठच. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याची धूळ लोखंडावर बसली की गंज झपाट्याने धरतो. मोरचुदाचं पाणीही बंदुकीच्या जवळ नको. जागा बदलणं हा पहिला उपाय, तेल त्यानंतर.

काम सुरू करण्याआधी बंदूक बिजागरीवर मोडून (म्हणजे उघडून) दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते डोळ्यांनी पाहा, शिवाय बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग डबल बार म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीचे तीन भाग वेगळे करा: नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्ता. घोड्यांची यंत्रणा स्वतः उघडू नका. गंज बरेचदा पुढच्या लाकडाखाली धरतो आणि नेमकी तीच जागा कुणी बघत नाही.

वरवरचा तांबूस गंज असेल तर त्यावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर राहू द्या. सकाळी ०००० नंबरचं (अगदी बारीक) स्टील वूल तेलात बुडवून नळीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. आधी लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर चाचणी घ्या. फडक्यावर तपकिरी मळ आला तर ठीक. नळीवरचा काळा-निळा रंग फिका पडून पांढरं लोखंड दिसू लागलं तर तिथेच थांबा. तो रंग म्हणजे ब्लूइंग, आणि ब्लूइंग स्वतः लोखंडाचा ऑक्साइडच असल्यामुळे व्हिनेगर, लिंबू किंवा बाजारातलं गंज काढायचं आम्ल गंजाबरोबर त्यालाही खाऊन टाकतं. पॉलिश पेपर तर हातातही धरू नका. बंदुकीचा नंबर कोरलेल्या जागी फक्त तेल आणि मऊ कापड वापरा. नंबर पुसट झाला तर प्रकरण शस्त्र कायद्यात जातं.

नळीच्या आतून बारा बोअरचा ब्रॉन्झ ब्रश काडतूस भरण्याच्या बाजूने घालून आठ-दहा वेळा फिरवा, मग पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. उजेडाकडे धरून पाहा. काळे खड्डे तसेच दिसत असतील तर ते घासून जाणार नाहीत. बार उडवण्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. ठासणीच्या (तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीत काळ्या दारूची राख क्षार सोडते आणि तो तेलात विरघळत नाही. म्हणून आधी नळीतून गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल.

शेवटी बाहेरून तेलाचा पातळ थर. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण त्याचा थर फार दिवस टिकत नाही. त्यावर बंदुकीचं तेल लावावंच लागतं. खोबरेल टाळा, नाशिकच्या थंडीत ते थिजतं. हात लागला की घामाचा क्षार राहतो, म्हणून प्रत्येक वेळी पुसूनच ठेवा. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरात बंदूक महिनोन्‌महिने ठेवणं हे गंजाचं नेहमीचं कारण. कव्हर फक्त ने-आण करण्यापुरतं. कपाटात पाव किलो केशरी सिलिका जेल ठेवा. ते हिरवट झालं की १२० अंशांवर दोनेक तास वाळवून परत वापरता येतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बंदूक बाहेर काढून पाहा, एरवी महिन्यातून एकदा पुरे.

निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावून द्या, कारण तिथे काही आठवडे तिला कुणी पुसणार नाही. परत आल्यावर लाकूड काढून खाली पाहा, आणि बार उडवण्याआधी नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या.