डर्ट बाइकची सील चेन: घेण्याआधी आणि राइडला निघण्याआधी

नवी चेन मागवण्याआधी जुनीच्या बाजूच्या पट्टीवर कोरलेला आकडा वाचा. 520 असेल तर पिनपासून पिनपर्यंत 15.875 मिमी आणि आतल्या पट्ट्यांमधली जागा 6.35 मिमी; 428 मध्ये पिनांचं अंतर 12.7 मिमी, त्यामुळे एकीचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) दुसरीला चालत नाही. मग कड्या मोजा, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही धरून. लॉकसकट, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी धरून, आकडा समच यायला हवा. चेन बहुधा 120 कड्यांची येते, जास्तीच्या कापाव्या लागतात. गिअरिंग (स्प्रॉकेटच्या दातांची संख्या) बदललं असेल तर जुन्या मोजणीवर विसंबू नका, मागच्या स्प्रॉकेटला 4 दात वाढले की साधारण 2 कड्या जास्त लागतात.

सील चेन कशासाठी, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं सोपं. पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि पट्ट्यांच्या मधल्या रबरी रिंगा ते आत धरून ठेवतात. रिंग गेली की ग्रीस गेलं, आणि बाहेरून कितीही स्प्रे मारला तरी ते परत आत जात नाही. गोल छेदाच्या ओ-रिंगपेक्षा X आकाराच्या छेदाची एक्स-रिंग बरी: तिला पट्टीला टेकणाऱ्या बारीक कडा असतात, त्यामुळे घर्षण कमी आणि ग्रीसवरची पकड जास्त. बंद ट्रॅकवर छोट्या शर्यती करणारे वजनासाठी बिनसीलची चेन लावतात, ते त्यांच्यापुरतं ठीक. चिखल, वाळू आणि लांब ट्रेल असेल तर सीलच घ्या. फक्त रिंगांमुळे ही चेन थोडी रुंद असते, तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटपाशी इंजिनच्या आवरणाला आणि चेन गाइडला घासत नाही ना, हे बघा. जागा कमी असेल तर अरुंद बांधणीची सील चेन मिळते.

स्प्रॉकेट पुढचं-मागचं दोन्ही एकदमच बदला. हुकासारखे वाकलेले दात नव्या चेनला फार लवकर म्हातारं करतात.

लॉक त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं हवं. त्याच्या 4 रिंगा सोबतच्या ग्रीसमध्ये माखून दोन आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या पट्टीखाली बसवा. एकही विसरली तर ती कडी सगळ्यात आधी जाणार. बाहेरची पट्टी घट्ट बसणारी असते, हातोडीने ठोकू नका, चेन प्रेसने (पट्टी दाबून बसवायचं हत्यार) सरळ दाबा, आणि शेजारच्या कड्यांइतकीच. जास्त दाबली तर रिंग चिरडते. लॉक क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला.

चेनची ढील किती आणि कुठे मोजायची, हे गाडीचं मॅन्युअल सांगेल. रस्त्यावरच्या गाडीचा आकडा इथे लावू नका. सस्पेन्शनचा प्रवास लांब असतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) पिव्हट म्हणजे सांधा व मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. त्या क्षणीही थोडी ढील उरली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं. चाक फिरवून चेनची सर्वात घट्ट जागा शोधा, मोजणी तिथेच. दाट चिखल स्प्रॉकेटच्या दातांत भरून चेन आणखी ताणतो, हे धरून ढील कमी बाजूला ठेवू नका. मागचं चाक सरळ आहे का हे बघताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर फार भरवसा नको. पिव्हटपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा.

धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल, थिनर, ब्रेक क्लीनर आणि तारेचा ब्रश नको. प्रेशर वॉशरचं तोंड जवळून चेनवर तर अजिबात नको, रिंगेआड पाणी आणि रेती घुसते. लगेच पुसून वाळवा, मग सील चेनसाठीचा स्प्रे चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून हे काम केलं तर बोटं जातात. वंगण इथे रिंगा ओल्या ठेवायला, रोलरला आणि गंज टाळायला. चिकट, जाड थर वाळूत घासकागद होतो, म्हणून जास्तीचं पुसा. धुळीच्या ट्रेलला मेणाचा, कोरडा स्प्रे बरा.

झीज मोजताना चेन ताणून 21 पिनांमधलं, म्हणजे 20 कड्यांचं अंतर घ्या. नव्या 520 मध्ये ते 317.5 मिमी, 323 च्या आसपास गेलं की चेन बदला. पट्ट्या लांबत नाहीत, पिन आणि बुश झिजतात. पण आकड्याची वाट बघत बसू नका. टॉर्च धरून एकेक कडी वाकवा: कुठे रिंगेच्या जागी रिकामी फट, पट्टीच्या कडेला लालसर पूड, किंवा स्प्रॉकेटवरून सुटल्यावरही वाकडीच राहणारी कडी दिसली, तर तिथलं सील गेलंय.

निघताना पिशवीत रिंगांसकट एक जादा लॉक, छोटा चेन ब्रेकर (पिन काढून चेन तोडायचं हत्यार), टोकदार पक्कड आणि एक्सलचा पाना. नव्या चेनची ढील पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा.