आधी पाण्याची वाट, मग छप्पर : युद्धात घर सुटलेल्यांसाठी निवारा कसा उभारावा

गोव्यात म्हार्दोळला आमच्या घरामागे पोफळीचे कुळागर, म्हणजे बाग, आहे. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी त्याच्या कडेला मी बांबू आणि ताडपत्रीची एक खोपी उभारतो आणि मिरग लागला की चार-पाच रात्री तिच्यात झोपतो. गळते कुठे, ताडपत्री फडफडते कुठे, पाणी आत कुठून शिरते, हे आत झोपल्याशिवाय कळत नाही. वाड्यावरची मुले शिकायला येतात. त्यांतली दोघे आता मदतकार्याला जायचे म्हणतात आणि रोज नवा प्रश्न विचारतात. म्हणून एकदा सगळे लिहूनच काढतो.

घरचा धंदा मंडपाचा. मी डिप्लोमा सिव्हिलचा केला, पण दोर आणि वासा हे वडिलांकडून शिकलो. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारमधून रोहिंग्या लोक पळू लागले आणि काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसे बांगलादेशात कॉक्स बझारच्या टेकड्यांवर येऊन पोचली. तिथला पाऊस आपल्यासारखाच, जूनपासून झोडपणारा. बांबूचे काम जाणणारी माणसे हवी होती. मी गेलो आणि चौदा महिने राहिलो. पुढचे सगळे तिथे हात घालून शिकलेले आहे.

जागा बघायला जाताना

जमीन बघायला गेलात की वर बघू नका, खाली बघा. पाणी कुठून येते आणि कुठे जाते? गावातल्या जुन्या माणसाला विचारा, पुराचे पाणी कुठपर्यंत चढले होते. झाडांच्या बुंध्यावर गाळाची रेघ दिसते का बघा. अगदी सपाट जमीन चांगली वाटते, पण तिच्यावर पाणी तुंबते. शंभर फुटांत एक ते पाच फूट उतार असलेली जमीन उत्तम. आपल्याकडे असे काही करायची वेळ आली तर खाजन जमीन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) आणि शेताच्या बांधालगतची जागा सोडून द्या, चिऱ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळावर, जा. मात्र सड्यावर संडासाचा खड्डा खणणे कठीण जाते, हे आधीच हिशेबात धरा.

उतार फार असेल तर दुसरे संकट. कॉक्स बझारला टेकड्यांवरची झाडे तोडून झोपड्या झाल्या, मुळे गेली, आणि पावसात माती माणसांसकट खाली आली. कापलेल्या उताराच्या पायथ्याशी कोणालाही झोपवू नका, एका रात्रीसाठीसुद्धा.

युद्धाच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. छावणी सीमेपासून लांब हवी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा दंडक ५० किलोमीटरचा आहे. त्यामागे अनुभव आहे : जवळ असली की तोफा पोचतात, आणि शस्त्रधारी माणसे तिचा आडोसा घेतात.

जमीन कोणाची, हे लेखी घ्या. सरकारी, देवस्थानची, कोमुनिदादची (गावकीची) की खाजगी, आणि किती काळासाठी. तोंडी शब्दावर उभारलेल्या वस्तीतली माणसे दुसऱ्यांदा उठवली जातात, आणि दुसऱ्यांदा उठवलेल्या माणसाचा कोणावरच विश्वास उरत नाही.

किती जागा लागते

मदतकार्यात स्फिअर नावाची किमान मानके सगळीकडे चालतात. त्यातले आकडे पाठ करा. छपराखाली राहायला माणशी ३.५ चौरस मीटर, म्हणजे पाच जणांच्या घराला १७.५. आपल्या भाषेत साधारण १३ बाय १४.५ फुटांची खोली. थंडीच्या प्रदेशात, जिथे स्वयंपाक आणि अंघोळही आतच होते, तिथे माणशी ४.५ ते ५.५. रस्ते, संडास, शाळा, दवाखाना धरून सगळ्या वस्तीला माणशी ४५ चौरस मीटर. शंभर कुटुंबे म्हणजे पाचशे माणसे धरली तर २२,५०० चौरस मीटर झाले. तीन फुटबॉलची मैदाने. गावच्या एका मैदानात शंभर कुटुंबे बसवू असे कोणी म्हणाले तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर. सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, पण लवकरात लवकर २० मागे एक. आणि तो घरापासून ५० मीटरच्या आत. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब.

आधी चर

इथे माझी चूक सांगतो. २०१८ च्या पावसाआधी आम्ही उतारावर एका ओळीत अठरा झोपड्या बांधल्या. छपरे नीट होती. चर खणायचे शेवटी ठेवले आणि घाईत खणले. माझा चर सोळाव्या झोपडीशी संपला, कारण पुढे खडक लागला. पहिल्या जोराच्या पावसात वरच्या पंधरा घरांचे पाणी त्या सोळाव्या घरात गेले. आत एक बाळंतीण होती. रात्री तिला शेजारणीकडे हलवावे लागले. ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून माझा क्रम बदलला : आधी चर, मग जोते, मग छप्पर.

पाण्याची वाट शेवटपर्यंत चालत जाऊन ठरवायची. जिथे पाणी सोडणार तिथे कोणाचे घर, विहीर, शेत नाही ना, हे डोळ्यांनी बघायचे. मग चर खालून वर खणत यायचे. वरून खाली खणत गेलात तर मध्ये अडल्यावर पाणी मध्येच राहते. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान वीतभर उंच करा, माती थराथराने चोपून. पागोळी जिथे पडते ती रेघ जोत्याच्या बाहेर हवी, नाहीतर महिन्याभरात जोत्याची कड खचते.

सांगाडा आणि ताडपत्री

वाटप होणाऱ्या ताडपत्र्या साधारण ४ बाय ५ किंवा ४ बाय ६ मीटरच्या असतात. घराचे माप ताडपत्रीवरून ठरवा. ताडपत्री कापायची नाही. उद्या त्या कुटुंबाला दुसरीकडे जावे लागले तर तीच त्यांची भिंत आणि छप्पर असेल. घरटी दोन धरा, एकीत भागत नाही.

आढ्याखाली माणूस ताठ उभा राहिला पाहिजे, म्हणजे सगळ्यात उंच जागी निदान २ मीटर. उष्ण हवेत त्याहून उंच करा, निदान २.६ मीटर. ताडपत्रीखाली दुपारी जीव घुसमटतो, म्हणून आढ्याखाली दोन्ही टोकांना वारा जायला फट ठेवा. आपल्याकडच्यासारखा पाऊस असेल तर छपराला उतार भरपूर द्या. सपाट ताडपत्रीवर पाण्याची पिशवी धरते, आणि ती पिशवी रात्री दोन वाजता सांगाडा खाली आणते. दार नैऋत्येकडे ठेवू नका, पाऊस थेट आत येतो.

बांबू ओला वापरू नका, आणि कोवळा तर नाहीच. कॉक्स बझारला पहिल्या वर्षी घाईत मिळेल तो बांबू वापरला गेला. काही महिन्यांत घुणा लागला, हाताने दाबला की पिठासारखी भुकटी पडायची. नंतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून मुरवलेला बांबू वापरू लागलो. जमिनीत पुरलेले टोक सगळ्यात आधी कुजते, म्हणून शक्य असेल तिथे खांब काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी पट्टीने धरून मातीपासून वर उचला. खिळा मारला की बांबू चिरतो. बांधायचा, ठोकायचा नाही. आमचे वडील माटवाचा (मांडवाचा) वासा सुंभाने बांधत, आधी सुंभ भिजवून. वाळला की तो आवळतो. तीच गाठ मी तिथे शिकवली.

आता ताडपत्रीचा कोपरा. वाऱ्याने ताडपत्री फाटते ती बहुतेक वेळा पितळी कडीपाशी, कारण सगळा ओढा त्या एका भोकावर येतो. कुळागरात मी मुलांना असे दाखवतो : न सोललेली एक सुपारी घ्यायची. कडेपासून हातभर आत, ताडपत्रीच्या खालच्या बाजूने ती धरायची. वरून ताडपत्री तिच्यावर मुठीत आवळायची, म्हणजे वर एक बोंडूक तयार होते. त्या बोंडकाच्या मानेला दोरीचे दोन वेढे घालून गाठ मारायची आणि दोरी मेखेला ओढायची. आता ओढा भोकावर नाही, सुपारीभोवतीच्या सगळ्या कापडावर पसरतो. सुपारी नसली तर गोल गुळगुळीत दगड. धारेचा दगड नको, तो आतून कापतो. जिथे जिथे ताण आहे तिथे असे बोंडूक करा. वादळात टिकलेल्या झोपड्या मी बघितल्या आहेत, त्यांचे रहस्य बऱ्याचदा एवढेच होते.

दोन घरांमध्ये घराच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा, निदान २ मीटर तरी. हे अंतर आगीसाठी आहे. २२ मार्च २०२१ ला कॉक्स बझारच्या छावणीत आग लागली, सुमारे ४५,००० माणसे पुन्हा बेघर झाली. मी तेव्हा परत आलो होतो. त्या वस्तीतल्या ओळखीच्या माणसांना दोन दिवस फोन लागेना. दर ३०० मीटर वस्तीनंतर ३० मीटरचा मोकळा पट्टा ठेवायचा, आणि त्या पट्ट्यात नंतर कोणी दुकान, कोणी शेड टाकू पाहील, ती टाकू द्यायची नाही.

कडी

एक घर बांधून झाल्यावर किल्ली द्यावी तसे आम्ही त्या घरच्या बाईला बोलावले. मुले तिला खाला म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. तिच्या तीन मुली होत्या, नवरा वाटेतच वारला होता. तिने छपराकडे बघितलेही नाही. बाहेर उभी राहिली, दार ओढून घेतले, आणि दार व खांब यांच्या फटीतून दोन बोटे आत घातली. आतल्या दोरीची गाठ तिने बोटांनी शोधली आणि बाहेरूनच सोडली. मग माझ्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी सुताराने लाकडाचा अडसर करून दिला आणि फटीवर आतून पट्टी मारली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दाराला आतून अडसर आणि बाहेरून कुलूप लावायला कोयंडा, हे आम्ही बांबूच्या बरोबरीने मोजू लागलो. युद्धातून आलेल्या माणसाच्या घरात कोणी तरी विचारल्याशिवाय शिरलेले असते. आतून बंद करता येत नाही ती जागा त्याला निवारा वाटत नाही.

हेच संडासाला लागू. बायकांचे संडास वेगळे, आतून कडीचे, वाटेवर उजेड असलेले. जागा बायकांना विचारून ठरवा, आणि पुरुषांसमोर विचारू नका, तिथे त्या बोलणार नाहीत. आमच्याकडे नकाशावर सुरेख दिसणारी एक संडासांची रांग चहाच्या टपरीसमोर होती. महिनाभर एकही बाई तिथे गेली नाही.

तयार इमारती आणि लोकांची घरे

बहुतेक निर्वासित छावणीत राहतच नाहीत. ते नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत, अनोळखी लोकांच्या घरी राहतात. छावणी हा शेवटचा उपाय समजा. भाड्याला पैसे देणे, यजमानाच्या घरात एक खोली वाढवून देणे, संडास बांधून देणे, हे बऱ्याचदा जास्त उपयोगी पडते. भारतात परदेशी माणूस घरात ठेवला तर २४ तासांत अधिकाऱ्यांना ऑनलाइन कळवावे लागते, तेही यजमानाला आधी सांगून ठेवा.

शाळा घेतलीत तर ती कधी सोडणार हे पहिल्या दिवशी ठरवा. मोठ्या हॉलमध्ये घरटी पडदे किंवा तट्टे लावा, गावचे शेजारी शेजारीच ठेवा, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांना दारापाशी.

मला या बाबतीत आपल्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांसाठीच्या खोल्या, आठवतात. एका ओळीत खोल्या, प्रत्येकीला स्वतःचे दार, पुढे सामाईक पडवी, अंगणात विहीर. पोर्तुगीजांच्या छळामुळे आमची म्हाळसा देवी वेर्ण्याहून आलेली, मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला. देवाबरोबर माणसेही आली, आणि अंत्रुजाने, म्हणजे आमच्या फोंडा भागाने, त्यांना जागा दिली. पडवी मी प्रत्येक आराखड्यात मागतो. चार हातांची का होईना. तिच्यावर भाजी निवडली जाते, मूल झोपते, शेजारीण येऊन बसते.

आणि जे बांधाल ते वर्षभरासाठी आहे असे धरू नका. कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ पर्यंत राहिले. मुले तिथल्या शाळांत शिकून मोठी झाली. कॉक्स बझारच्या कुतुपालोंग छावणीत मी पाहिलेली तान्ही पोरे आता शाळेच्या वयाची आहेत आणि अजून तिथेच आहेत. म्हणून दुरुस्तीचे सामान पहिल्याच वाटपात द्या : घरटी दोरीचे एक बंडल, कोयता, फावडे, हातोडी. लोक स्वतःचे घर तुमच्यापेक्षा चांगले सुधारतात.

पहिला पाऊस पडेल त्या रात्री घरी थांबू नका. बॅटरी आणि फावडे घेऊन वस्तीच्या वरच्या टोकापासून खाली चालत या. प्रत्येक चर शेवटपर्यंत वाहतो आहे का बघा. जिथे पाणी थांबले असेल तिथे तिथल्या तिथे उकरा. ज्या दारातून उजेड दिसेल तिथे बाहेरूनच हाक मारा आणि विचारा, आत कोरडे आहे का.