माशांच्या टँकचं सगळं पाणी एकदम बदलू नका
पाणी गढूळ दिसलं की बरेच जण अख्खा टँक रिकामा करून घासून काढतात आणि मग मासे मरतात, प्लीज असं नका करू. माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो, आणि फिल्टरच्या स्पंजमधले बॅक्टेरियाच त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे बॅक्टेरिया मरतात, म्हणून स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. दर आठवड्याला २०-२५ टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकल्याशिवाय ते ओतू नका. थंडीत नवीन पाणी जरा कोमट करून घ्या, गप्पी-मॉली माशांना २५-२६ डिग्री छान मानवतं. खाणं मात्र दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या हं!